घड्याळजींचे भिंग

मृतांच्या स्मरणदिनाची ती सायंकाळ माझ्या मनातून अद्याप गेलेली नाही. नोव्हेंबरची दोन तारीख होती. कापूस वेचणीचे दिवस असल्यामुळे शेतावर जाणाऱ्या मंडळींची सोय पाहून मिस्सा सायंकाळी ठेवली होती. कळंब आणि भोवतालची खेडी मिळून आमची कुटुंबे मोजकीच. तरीही त्या दिवशी आमचे छोटेसे प्रार्थनामंदिर भरून गेले होते. विजेचा दाब उतरला होता आणि वेदीजवळचा दिवा पणतीसारखा पिवळा जळत होता. वर्षभरात निवर्तलेल्यांची नावे मी वहीतून वाचू लागलो. वही हातभर लांब धरली, तिरकी करून दिव्याकडे वळवली आणि थोडे पाहून, थोडे अंदाजाने एकेक नाव उच्चारत गेलो.

त्या यादीत एका गृहस्थांचे नाव होते. त्यांचे थोरले बंधू पहिल्याच बाकावर बसले होते. दोघा भावांच्या नावांत एका अक्षराचा काय तो फरक. एकात ‘म’, दुसऱ्यात ‘भ’. ‘भ’च्या डोक्यावरची ती एवढीशी खाच मला दिसली नाही आणि मी थोरल्याचे नाव वाचून मोकळा झालो. समोर बसलेल्या जिवंत माणसाच्या आत्म्याला चिरशांती मिळावी म्हणून मी प्रार्थना केली आणि सवयीने सर्वांनी ‘आमेन’ म्हटले. मग बाकांवर कुजबूज झाली. त्यांच्या पत्नीने पदर तोंडाला लावला. काय घडले ते माझ्या ध्यानात येईपर्यंत मी पुढच्या नावावर गेलो होतो.

मिस्सा संपल्यावर ते स्वतःच मला भेटायला आले. गावात सारे त्यांना घड्याळजी म्हणत. सत्तरी ओलांडलेले, किडकिडीत, मिस्कील गृहस्थ. हात जोडून म्हणाले, “फादर, मी अजून हाय ना!” मी ओशाळून क्षमा मागितली. ते पुढे म्हणाले, “चाळिशी लावा आता. लाजता कायले?”

मराठीत ‘बिंग फुटणे’ असा एक वाक्प्रचार आहे. त्या सायंकाळी माझे भिंग सर्वांदेखत फुटले. गेली तीन वर्षे जवळची अक्षरे मला धूसर दिसत होती आणि ही गोष्ट मी लपवीत होतो. उपासनेतील प्रार्थना बव्हंशी पाठ होत्या. वाचने मी आदल्या दिवशी उन्हात बसून वाचून ठेवी. चष्मा लावला की आपण म्हातारे दिसू, एवढेच क्षुल्लक कारण त्यामागे होते. धर्मगुरूच्या अंगी अहंकार नसतो असे लोक समजतात. पण तो नाकाच्या शेंड्यावर बसायलाही जागा शोधतो, हे मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानी गेलो. चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांची पत्र्याची टपरी होती. आत एक उतरते मेज, त्यावर कापडाचा तुकडा, चिमटे, पेचकस, काचेच्या झाकणाखाली सुटी चक्रे, आणि मागच्या पाटीवर दुरुस्तीला आलेली घड्याळे टांगलेली. त्यांनी स्टूल पुढे सरकवले आणि चहा मागवला. मी पुन्हा क्षमेचा विषय काढला तेव्हा ते गंभीर झाले. म्हणाले, “माझं नाव वाचलं त्याचं काही नाही, फादर. पण धाकट्याचं राह्यलं.”

ही बाजू माझ्या मनातच आली नव्हती. मी चुकून काय वाचले एवढाच विचार मी करीत होतो. काय वाचायचे राहिले याचा नाही. त्याच आठवड्यात त्यांच्या भावासाठी वेगळी मिस्सा अर्पण करण्याची तयारी मी दाखवली. त्यांनी मान हलवली. “तसं नको. पुढच्या वर्षी वाचजा. सगळ्यांच्या संग वाचजा.”

मग विषय बदलण्यासाठी म्हणा किंवा माझा संकोच घालवण्यासाठी म्हणा, त्यांनी डोळ्याला लावायचे काळ्या नळीतले भिंग माझ्या हाती दिले आणि एक उघडे घड्याळ पुढे केले. मी भिंग डोळ्याला लावले, तो सारा गढूळ प्रकाश. “जवळ आणा. अजून जवळ,” ते सांगत होते. घड्याळ तीन बोटांवर आले आणि एकाएकी ती चक्रे बैलगाडीच्या चाकांसारखी स्पष्ट झाली. दाते, दात्यांतला कचरा, केसाएवढ्या स्प्रिंगेचे वेढे, सारे दिसू लागले. बोटभर मागे नेताच पुन्हा गढूळ. त्यानंतर त्यांनी तेच भिंग आतल्या भिंतीसमोर धरले, पुढे-मागे केले, आणि भिंतीवर तळहाताहूनही लहान असे एक रंगीत चित्र उमटले. रस्ता, उसाच्या रसाची गाडी, सायकलवरून जाणारा मुलगा. सारे काही होते, फक्त खाली डोके वर पाय. मुलगा उजवीकडे जात होता आणि चित्रात डावीकडे.

“एकच भिंग,” मी म्हणालो, “घड्याळ सरळ दाखवते आणि रस्ता उलटा?”

“अंतराचा खेळ हाय,” ते म्हणाले आणि मेजाचा खण उघडून त्यांनी एक जुना चष्मा काढला. काचा मधोमध इतक्या फुगीर, की बाटलीच्या बुडाची आठवण व्हावी. “धाकट्याचा हाय. घेऊन जा. लेकरांना दाखवा, तुमीबी पाहा. मंग सांगजा.”

मी सेमिनरीत तत्त्वज्ञानाची दोन आणि ईशज्ञानाची चार वर्षे काढली. प्रकाश या शब्दावर मी कित्येक प्रवचने दिली असतील. परंतु प्रकाश काचेतून जाताना काय करतो हे मी शाळेनंतर एकदाही हातात काच घेऊन पाहिले नव्हते. त्या रात्री वीज गेली होती. मी जेवणाच्या मेजावर मेणबत्ती लावली, शाळकरी मुलांची पट्टी घेतली आणि धाकट्या भावाच्या चष्म्याची एक काच ज्योतीसमोर धरून पुठ्ठ्यावर तिची प्रतिमा पकडू लागलो.

मध्यभागी जाड आणि कडेला पातळ अशा काचेला बहिर्गोल किंवा बहिर्वक्र भिंग म्हणतात. प्रकाशाचा किरण हवेतून काचेत शिरताना आणि काचेतून बाहेर पडताना वाकतो. यालाच अपवर्तन म्हणतात. या भिंगाच्या मध्यातून जाणारा किरण जवळपास सरळ जातो. कडेकडून जाणारे किरण आत, मध्याकडे वळतात. दुरून येणारे, म्हणजे जवळजवळ समांतर असलेले किरण असे वळून ज्या बिंदूत एकत्र येतात ती भिंगाची नाभी, आणि भिंगापासून तिचे अंतर ते नाभीय अंतर. भिंग जितके फुगीर तितके हे अंतर कमी. माझ्या हातातील काचेचे नाभीय अंतर सुमारे १० सेंटीमीटर भरले.

मेणबत्ती एक मीटर दूर ठेवली तेव्हा भिंगामागे साधारण ११ सेंटीमीटरवर ज्योतीची इवलीशी उलटी प्रतिमा पडली. मेणबत्ती २० सेंटीमीटरवर आणली, तेव्हा प्रतिमाही २० सेंटीमीटरवरच आणि ज्योतीएवढीच मोठी. १५ सेंटीमीटरवर आणली, तर पुठ्ठा ३० सेंटीमीटर मागे न्यावा लागला आणि उलटी ज्योत दुप्पट मोठी झाली. नेमकी १० सेंटीमीटरवर, म्हणजे नाभीवर आणली, तेव्हा पुठ्ठा कितीही मागे नेला तरी प्रतिमा मिळेना. किरण समांतर होऊन निघून जात होते. आणि त्याहूनही जवळ आणली तेव्हा पुठ्ठ्यावर काहीच नाही. पण भिंगातून डोकावताच पलीकडे सुलटी, मोठी ज्योत दिसू लागली. पहिल्या प्रतिमा वास्तव, कारण तेथे किरण खरोखर एकत्र येतात. शेवटची आभासी, कारण तेथे किरण एकत्र येत नाहीत, तेथून आल्याचा आपल्याला भास होतो. घड्याळजींच्या ‘अंतराच्या खेळा’चा अर्थ मला तेव्हा उमगला.

आणखी एक गंमत मी केली. पुठ्ठ्यावर ज्योत उमटलेली असताना अर्धे भिंग बोटांनी झाकले. मला वाटले, ज्योत अर्धी होईल. तसे झाले नाही. ज्योत सबंध राहिली, मात्र मंद झाली. ज्योतीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश सगळ्या भिंगावर पडतो आणि भिंगाचा प्रत्येक भाग सगळी प्रतिमा घडवतो; म्हणून एखादा भाग झाकला तर प्रतिमेचा तुकडा जात नाही, तिचे तेज तेवढे कमी होते.

पुढचे काही दिवस कळंबमध्ये मला जागोजागी भिंगेच दिसू लागली. फोटो स्टुडिओतला कॅमेरा आणि पोरांच्या हातातला मोबाईल दूरच्या वस्तूची लहान, उलटी, वास्तव प्रतिमा घेतात. एके काळी जत्रेत येणारा तंबूतला सिनेमा नेमके याच्या विरुद्ध करी. फिल्म नाभीच्या थोडीशीच पलीकडे ठेवली, की दूरच्या पडद्यावर प्रचंड प्रतिमा पडते. ती उलटी पडते म्हणून फिल्मच उलटी लावायची. चित्रपटाच्याही आधी, १८९० च्या दशकात, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र काचेवर रंगवलेली पौराणिक चित्रे याच रीतीने पडद्यावर पाडून दाखवीत. त्या खेळाला त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले होते. इकडे कपाशीच्या शेतात पानाच्या पाठीमागचे फुलकिडे किंवा बोंडअळीची अंडी पाहायला हातात धरायचे भिंग लागते; ती नाभीच्या आतली, आभासी आणि सुलट प्रतिमा. मुले त्याच भिंगाने उन्हात कागद जाळतात. कागदावरचा तो प्रखर ठिपका ही सूर्याची प्रतिमाच असते. १० सेंटीमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने पडणारी ही प्रतिमा जेमतेम एक मिलिमीटरची. भिंग स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. काचभर ऊन ते एका ठिपक्यावर गोळा करते, एवढेच. म्हणूनच भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये. तोच ठिपका डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पडतो.

त्याच आठवड्यात यवतमाळला जाऊन मी डोळे तपासून घेतले. आपल्या डोळ्यातही एक बहिर्गोल भिंग असते. तरुणपणी ते लवचीक असते. जवळचे पाहताना ते अधिक फुगते, दूरचे पाहताना सपाट होते. चाळिशीनंतर ते ताठर होत जाते आणि जवळच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर स्पष्ट पडेनाशी होते. पुस्तकी भाषेत ही वृद्धदृष्टिता. पण आपल्या माणसांनी वयाला, विकाराला आणि चष्म्याला ‘चाळिशी’ हे एकच नाव देऊन टाकले आहे. कमी पडणारा फुगीरपणा बाहेरच्या काचेने भरून काढायचा, हा त्यावर उपाय. मला ‘अधिक दोन’ क्रमांकाची काच मिळाली. म्हणजे तिचे नाभीय अंतर अर्धा मीटर. क्रमांक म्हणजे एकाला मीटरमधील नाभीय अंतराने भागले असता येणारी संख्या, हे हिशेबाने कळल्यावर मी धाकट्या भावाच्या चष्म्याचा क्रमांक काढला. तो ‘अधिक दहा’ आला.

चष्म्याच्या इतिहासात आमच्यासारख्यांना लाज वाटावी आणि अभिमानही वाटावा अशा गोष्टी आहेत. काचेच्या गोलाचा एक खंड अक्षरांवर ठेवला असता ती मोठी दिसतात आणि वृद्धांना त्याचा उपयोग होतो, असे फ्रान्सिस्कन संन्यासी रॉजर बेकन यांनी १२६७ च्या सुमारास पोपमहाशयांना पाठवलेल्या ग्रंथात लिहिले. १३०६ साली फ्लॉरेन्समध्ये जोर्दानो दा पिसा या डॉमिनिकन धर्मगुरूंनी प्रवचनात सांगितले, की चष्मे करण्याची कला सापडून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत आणि तो शोध लावणाऱ्याला आपण स्वतः भेटलो आहोत. पिसाच्याच मठातील आलेस्सांद्रो देल्ला स्पिना यांच्याविषयी मठाच्या बखरीत एक नोंद आहे. मूळ कारागीर आपली विद्या कुणाला सांगायला तयार नव्हता. स्पिना यांनी चष्मे स्वतः घडवले आणि ती विद्या आनंदाने सर्वांना दिली. ते १३१३ साली वारले. चष्मा घातलेल्या माणसाचे सर्वांत जुने ज्ञात चित्र इटलीतील त्रेव्हिझो येथील डॉमिनिकन मठाच्या भिंतीवर आहे. १३५२ साली तोम्मासो दा मोदेना या चित्रकाराने ते काढले. चित्रातले कार्डिनल ह्यूग १२६३ सालीच वारले होते. म्हणजे त्यांच्या हयातीत चष्मा नव्हताच. चित्रकाराने मेलेल्या माणसाला चष्मा दिला आणि मी चष्म्यावाचून जिवंत माणसाला मारले.

आठ-दहा दिवसांनी नवा चष्मा लावून मी जुना परत करायला टपरीवर गेलो. घड्याळजी हात मांडीवर ठेवून बसले होते. मागच्या पाटीवरची घड्याळे त्या दिवशी होती तशीच टांगलेली. माझ्यादेखत एक शेतकरी आपले मनगटी घड्याळ घेऊन आला. त्याला त्यांनी “सामान नाही, यवतमाळले जा,” असे सांगून वाटेला लावले. मी खणातला तो चष्मा त्यांच्या पुढे ठेवला. त्यांनी तो घाईने उचलला, डोळ्याला न लावता उघड्या घड्याळावर एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने नेहमीचे भिंग डोळ्याला लावले. एका भिंगावर दुसरे भिंग. मागच्या भेटीत हे घडले असते तर मला काहीच उमजले नसते. मेणबत्तीसमोर घालवलेल्या रात्रीने मात्र माझे डोळे उघडले होते. ज्या कामाला आयुष्यभर एक भिंग पुरले त्याला दोन लागतात, याचा अर्थ डोळ्यातले तिसरे भिंग गढुळले आहे. आणि ज्या काचेवाचून आपले काम अडते तीच काच त्यांनी आठ दिवस मला खेळायला दिली होती.

“काका, मोतीबिंदू कधीपासून आहे?” मी विचारले.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पिकू द्या, मंग पाहू.”

मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढता येत नाही, ही समजूत जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातली आहे आणि अजून खेडोपाडी घर करून आहे. पण त्यांच्या भीतीचे खरे कारण वेगळे होते. धाकट्या भावाची शस्त्रक्रिया फार वर्षांपूर्वी एका शिबिरात झाली होती. त्या काळी गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून टाकत आणि त्याच्या जागी काही बसवीत नसत. उरलेले काम बाहेरच्या जाड भिंगाने करायचे. म्हणून तो ‘अधिक दहा’चा चष्मा. त्यातून वस्तू मोठ्या आणि जवळ आल्यासारख्या दिसत. पायरी चढताना पाऊल चुके, भाकरी घ्यायला गेलेला हात ताटाच्या अलीकडेच थांबे. चष्मा हरवला तर माणूस जवळजवळ आंधळा. धाकटा एकदा चष्म्यावाचून विहिरीच्या काठापर्यंत गेला होता, असे घड्याळजींनी सांगितले. “असं जगणं मले नको, फादर. बोटांच्या अंदाजानं निभतं हाय तवर निभू द्या.”

अंदाज! मीसुद्धा तीन वर्षे अंदाजावरच निभावले होते. मी त्यांना तेवढेच म्हणालो, “काका, माझा अंदाज चुकला तेव्हा काय झाले ते तुम्ही पाहिलेत.” ते हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. काकूंनी पुढची बाजू सांभाळली.

जानेवारीत आम्ही तिघे एस.टी.ने वर्ध्याला आणि तेथून सेवाग्रामच्या रुग्णालयात गेलो. आता भिंग काढून त्याच जागी दुसरे बसवतात, हे तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना खऱ्या भिंगाचा नमुना दाखवून सांगितले. सुमारे सहा मिलिमीटरची ती पारदर्शक चकती आणि तिला दोन केसांसारखे पाय. घड्याळजींनी ती डोळ्याजवळ नेऊन, बोटाने तिची कड चाचपून पाहिली आणि पसंतीची मान डोलावली. नाजूक कारागिरी ओळखणारा तो माणूस होता. तेथेच ते तयार झाले असे मला वाटते.

या चकतीचीही एक कथा आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या खिडकीचे प्लॅस्टिक फुटून त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले. हॅरल्ड रिडली या इंग्रज नेत्रवैद्याच्या लक्षात आले, की काचेचा कण डोळ्याला खपत नाही, पण हे कण तेथे निमूटपणे राहतात. त्याच प्लॅस्टिकचे भिंग करवून घेऊन १९४९ च्या नोव्हेंबरात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी पहिली शस्त्रक्रिया केली. सहव्यवसायिकांनी त्यांना पुष्कळ काळ वेड्यात काढले. पुढे ती पद्धत जगभर रूढ झाली, परंतु परदेशी भिंग गरिबाला परवडत नसे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मंडळींनी १९९२ साली ऑरोलॅब सुरू करून ही भिंगे आपल्याच देशात स्वस्तात तयार केली. स्पिना यांच्या घराण्यातलीच ही माणसे म्हणायची.

शस्त्रक्रिया चालू असताना मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. याच वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला कर्नल विल्यम लँबटन यांची कबर आहे, हे मला तेव्हा आठवले. १८०२ साली मद्रासजवळ त्यांनी भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीला आरंभ केला आणि ७८ व्या रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर मोजत मोजत ते आमच्या या मुलखापर्यंत आले. त्यांचे थिओडोलाइट नावाचे यंत्र अर्ध्या टनाचे. त्याच्या दुर्बिणीत पुढचे बहिर्गोल भिंग दूरच्या टेकडीवरील खुणेची इवलीशी उलटी प्रतिमा नळीच्या आत पाडी आणि डोळ्याजवळचे दुसरे भिंग ती मोठी करून दाखवी. दोन भिंगांच्या बळावर त्यांनी अर्धा देश मोजला आणि वयाच्या सत्तरीच्या घरात, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाटला देह ठेवला. मोजणाऱ्याला जग उलटे दिसते म्हणून मोजणी चुकत नाही. आपल्या डोळ्यातही प्रतिमा उलटीच पडते. केप्लर यांनी १६०४ साली तसे मांडले आणि येशूसंघीय धर्मगुरू क्रिस्टोफ शायनर यांनी डोळ्याचे मागचे आवरण खरवडून ती उलटी प्रतिमा प्रत्यक्ष दाखवली. तिला सुलटे समजून घेण्याचे काम मन करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. काकू समोर उभ्या होत्या. घड्याळजी त्यांच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “हे लुगडं निळं हाय?” काकू म्हणाल्या, “मंग! तुमीच त आणलं होतं.” पिवळट झालेले जुने भिंग निळा रंग अडवते; कैक वर्षांत त्यांना तो खरा दिसलाच नव्हता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. “फादर, तुमचे केस पार पांढरे झाले की!” माझी तीन वर्षांची लपवाछपवी किती व्यर्थ होती हे त्या एका वाक्यात आले.

महिन्या-दीड महिन्याने टपरी पुन्हा सुरू झाली. बसवलेले भिंग फुगत-सपाट होत नाही, म्हणून जवळच्या कामाला चष्मा आणि घड्याळाला नळीतले भिंग त्यांना लागतेच. परंतु आता एकच. पाटीवरची घड्याळे एकेक करून उतरली. धाकट्याचा चष्मा त्यांनी आमच्या मुलांच्या रविवारच्या वर्गासाठी दिला. दर वर्षी एकदा आम्ही खिडक्या लावून घेतो, दारासमोर तो चष्मा धरतो आणि भिंतीवर उलटे कळंब उमटते. मुलांना आपली सायकल उलटी चालताना पाहून फार हसू येते.

पुढच्या वर्षीही मृतांच्या स्मरणदिनाची मिस्सा सायंकाळीच होती. विजेचा दाब त्याही दिवशी उतरलेला. मी चष्मा लावला, वही छातीजवळ धरली. यंदाची नावे वाचून झाल्यावर मी पान मागे उलटले आणि गेल्या वर्षी राहून गेलेले एक नाव सावकाश वाचले. ‘भ’ची खाच मला स्वच्छ दिसत होती. पहिल्या बाकावर घड्याळजी उठून उभे राहिले. त्यांच्यामागे एकेक करून सारे उभे राहिले आणि या खेपेस ‘आमेन’ म्हणण्यापूर्वी सर्वांनी किंचित थांबून माझ्याकडे पाहिले. नाव बरोबर आहे याची खात्री करून घेतली आणि मगच म्हटले.